देवाचे मासे आणि पाण्यातल्या नाचण्या

रविवारी सकाळी आमच्या गावच्या तलावाकाठी गाड्या लागतात. बाजारपेठेच्या गावाहून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. डब्यांत कणकेच्या गोळ्या, पिशव्यांत मुरमुरे आणि शिळा पाव. घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून मूठ उघडली की पाणी उकळल्यासारखं होतं. हातभर लांबीचे कटला मासे तोंडं वासून वर येतात. मुलं किंचाळतात, बायका हात जोडतात, कुणीतरी व्हिडिओ काढतं. घरी जाताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर पुण्य पदरात पडल्याचं समाधान असतं. मला मात्र आता मुरमुऱ्यांची पिशवी नुसती दिसली तरी तळपायाची आग मस्तकात जाते. दिवाळीला घरात चिवडा करायचा तर सासूबाई मला स्वयंपाकघराबाहेर बसवतात, इतकी मी बदनाम झालेय.

माझं माहेर कोरीटचं. सासर रनाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, आणि त्याचं नाव मी इथे सांगणार नाही. नंदुरबारच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. लग्नाआधी दोन वर्षं धडगावला होते. घाटातल्या जीपमध्ये दहाव्या माणसाच्या मांडीवर बॅग ठेवून जायची सवय तिथलीच. लग्न झालं, बदली मिळाली आणि पीएच.डी.साठी विषय शोधायला लागले तेव्हा घरामागे चालत पाच मिनिटांवर तलाव होता. मार्गदर्शक म्हणाले, विषय अंगणात असताना बाहेर कशाला शोधता? मग मी दर रविवारी सकाळी पाण्याचे नमुने घ्यायला लागले.

तलाव म्हणजे फार मोठं काही नाही. मातीचा बांध, पश्चिमेला देऊळ आणि दगडी घाट, पूर्वेला भिलाटी, म्हणजे भिलांची वस्ती. वरच्या अंगाला कापूस, मिरची, पपईची शेतं. शेतात टाकलेलं खत पावसात वाहून तलावात येतं, दिवसभर गुरं पाण्यात उभी राहतात आणि तिथेच शेण टाकतात. पाण्यात खताची कमतरता कधीच नव्हती. एवढ्या खतावर पाण्यात शेवाळ माजायला हवं होतं, पण माजत नव्हतं. पाणी जरासं हिरवट असायचं, ओंजळीत घेतलं की तळहात दिसायचा. गुरं प्यायची, बायका धुणं धुवायच्या, कुणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार का नव्हती, ते मला भिलाटीतल्या एका बाईने पहिल्याच महिन्यात सांगितलं. तिला मी मावशी म्हणते. सासूबाईंना ते कधीच आवडलं नाही, आणि त्यांना आवडत नाही हे कळल्यावर मी जरा जास्तच मोठ्याने म्हणायला लागले. मावशी तेव्हा पन्नाशीची असेल. सकाळी पपईच्या शेतात कामाला जायची, त्याआधी तलावावर बकऱ्यांना पाणी पाजायची आणि स्वतः विणलेलं एक छोटं जाळं काठाने ओढून झिंगे आणि बोटभर लांबीचे चिल्लर मासे धरायची. घरच्या कालवणापुरते. माझी जाळी तिने पाहिली तेव्हा ती पोट धरून हसली. माझी जाळी नायलॉनच्या अगदी बारीक कापडाची, खाली बाटली बांधलेली.

“बाई, इतला बारीक जाळामा काय सापडी? पानी भी अटकी जाई!”

मी बाटली काढून सूर्यासमोर धरली. पाण्यात ठिपके होते, मोहरीहून बारीक, आणि ते सगळे थांबून थांबून उड्या मारत होते. मला वाटलं आता हिला पाणपिसू म्हणजे काय ते समजावून सांगावं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “ह्या तं नाचण्या! ह्या बऱ्याच दिसन्यात का समजानं, पानी साफ ऱ्हाई. मासा वाढनात का ह्या सरी जातस.”

एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मला जे शिकवलं होतं ते तिने कमरेला पदर खोचता खोचता सांगून टाकलं. पाणपिसू दिवसभर पाणी गाळत बसते. पाणी हिरवं दिसतं ते ज्या बारीक शेवाळामुळे, तेच तिचं अन्न. पाणपिसवा भरपूर असल्या की शेवाळ वाढलं तरी खाल्लं जातं. पण पाण्यातून हीच नाचणारी जनावरं वेचून खाणारे मासे असतात, आणि ते भाजी निवडणाऱ्या बाईसारखे ठसठशीत तेवढी आधी उचलतात. मोठी पाणपिसू आधी जाते. मग मध्यम. शेवटी धुळीएवढे जीव उरतात, त्यांच्याने एवढं पाणी गाळून होत नाही, आणि शेवाळाला रान मोकळं मिळतं. मावशी आणि तिच्या शेजारणी रोज चिल्लर मासे काढत होत्या म्हणून आमचा तलाव जिवंत होता. हे तेव्हा मला कळलं होतं, अगदी स्पष्ट कळलं होतं. म्हणून तर पुढचं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

एका वर्षी पाऊस कमी झाला. पाणी खाली गेलं आणि नेहमीपेक्षा जास्त हिरवं दिसायला लागलं. ग्रामसभेत विषय निघाला. तलाव समितीचे अध्यक्ष माझे काकासासरे, सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. माळकरी माणूस, खोटं न बोलणारा, पहाटे उठून देवळाचा ओटा स्वतः झाडणारा. आप्पा म्हणाले, “आपली सूनबाई पाणीवरच शिकी ऱ्हायनी, तिले इचारूत.” सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, उभी राहिले आणि वर्गात बोलते तशा शुद्ध मराठीत म्हणाले, “तलावात मासे सोडावेत. मासे शेवाळ खातात. पाणी आपोआप स्वच्छ होईल.”

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या.

काही मासे शेवाळ खातात हे खरं आहे. मनात माझ्या होतं की निरनिराळ्या जातींचे मासे थोडे थोडे सोडायचे आणि दरवर्षी काढून घ्यायचे. काढून घ्यायचे हे मी बोलले होते की नाही, मला आता आठवत नाही. आठवत नाही म्हणजे बोलले नसणारच. आणि बोलले असते तरी उपयोग काय होता? ज्या माळकरी गावात कुणी चोरून अंडी आणली तर एका पिशवीवर दुसरी पिशवी चढवून आणतो, त्या गावाला मी मासे पाळायला सांगत होते. मासे पाळले तर ते कुणीतरी धरायला आणि खायला लागतात, एवढी साधी गोष्ट एका शिकलेल्या बाईच्या डोक्यात आली नाही. बाकी सगळं डोक्यात होतं.

बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, आली प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांतून. विकणाऱ्याकडे त्या आठवड्यात कटलाच होता, म्हणून सगळा कटलाच आला, आणि कटला हा या पाण्यातल्या नाचणाऱ्या जिवांवरच जगणारा मासा. मी पिशव्या पाहिल्या, ओळखलं, आणि गप्प बसले, कारण घाटावर मंडप घातला होता. पिशव्यांना हळदकुंकू लावलं होतं. बाजारपेठेतले एक कापडाचे व्यापारी आले होते, त्यांचं घराणं पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं, दोन्ही हातांनी देणारं. बोटुकली त्यांच्याच दानातून आली होती. ते हात जोडून म्हणाले, हे मुके जीव आता आपल्या सगळ्यांच्या ओटीत आहेत, यांना अभय द्या. माणूस मनापासून बोलत होता, डोळे भरले होते. आप्पांनी लगेच जाहीर करून टाकलं, “ह्या देवना मासा शेत. आजपासून कोनी हात लावाना नही.” आठवड्याभरात घाटावर फलक लागला. मासे पकडण्यास सक्त मनाई. खाली बारीक अक्षरांत, मासे पकडणाऱ्यास पाप लागेल.

भिलाटीतल्या कुणाला त्या मंडपात बोलावलं नव्हतं. ज्यांना मासा धरता येत होता ती गावातली एकमेव माणसं तलावाच्या पलीकडच्या काठावर उभी राहून आमचा सोहळा बघत होती. मावशीही त्यांच्यात होती.

पहिल्या हिवाळ्यात मासे माणसाळले. पायरीवर पाऊल वाजलं की वर यायचे. गावाला वेड लागलं. एकादशीला कणीक, अमावस्येला भात, चातुर्मासात तर रोज कुणी ना कुणी. बाहेरगावचे लोक यायला लागले. खरं सांगायचं तर माझ्या मुलीला कडेवर घेऊन मीही दोनदा कणीक टाकली. एवढं मोठं तोंड हाताजवळ येऊन गोळी ओढून नेतं तेव्हा गंमत वाटते, का खोटं बोलू? पण ती कणीक आणि तो भात पाण्यात कुजतो. माशाने खाल्ला तरी त्याची विष्ठा पाण्यातच पडते. खत वरून होतंच, आता खालूनही. आणि पोटभर कणीक खाऊनही मासा नाचण्या सोडत नाही.

दर रविवारी माझी बाटली सूर्यासमोर धरत होते. पहिल्या वर्षाच्या शेवटी मोठ्या पाणपिसवा दिसेनाशा झाल्या. मग सायक्लॉप्स कमी झाले. हा जीव आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना नावाने माहीत आहे, नारूच्या काळात पाणी गाळून प्या म्हणून सगळीकडे त्याची चित्रं लागली होती. दुसऱ्या वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली फक्त रोटिफर उरले, टाचणीच्या टोकावर ढीगभर मावतील एवढे. आणि पाणी? पाणी पोपटी झालं, मग गर्द हिरवं, मग घराला लावायच्या रंगासारखं दाट. ओंजळीत घेतलं तर तळहात दिसेना.

आता जे सांगायचंय ते सांगताना माझा मलाच राग येतो. माझा आलेख सुंदर आला होता. पाणपिसवांची रेघ खाली जाते, शेवाळाची वर चढते, आणि दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथे नेमका बोटुकली मोठी झाल्याचा महिना. मी तो मार्गदर्शकांना पाठवला. त्यांचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाले, “मॅडम, इतकं स्वच्छ चित्र सहसा हाती लागत नाही. अजून एक उन्हाळा मिळू द्या, मग बघा.” मी म्हटलं, हो सर. अजून एक उन्हाळा. मासे मध्येच काढले असते तर माझी रेघ मध्येच मोडली असती. हे मी तेव्हा अशा शब्दांत मनाशी बोलले नाही, पण ठरवलं मात्र हेच. ग्रामसभेत उठून बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी मूग गिळून बसले आणि स्वतःला कारणं देत राहिले. आप्पांपुढे कसं बोलायचं, सून आहे मी. सासूबाईंना काय वाटेल. गावाची श्रद्धा आहे. ही सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही खरं कारण नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या होळीच्या सुमारास मावशीला पकडलं. पूर्वेच्या काठाला, आपल्या झोपडीसमोर, ती जाळं ओढत होती. जाळ्यात एक कटला आला होता आणि तिने तो सोडला नव्हता. तिला देवळापुढे आणलं. तिचं जाळं ओट्यावर पडलेलं होतं, ओलं. आप्पा ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नाहीत. ते म्हणाले, “खावाले दुसरं काही भेटत नही का तुले?” मावशी म्हणाली, “आप्पा, मी आठे तुम्हना फलक लागाना पहिलेपासून मासा धरस. घरना पुरता लेस, इकत नही.” कुणीतरी म्हणालं, हिच्याकडून देवापुढे वचन घ्या. तिला उंबऱ्यावर डोकं टेकवायला लावलं, पुन्हा हात लावणार नाही असं तीनदा म्हणवून घेतलं. जाळं जप्त झालं. मी सात-आठ पावलांवर उभी होते, कॉलेजला जायच्या कपड्यांत, खांद्याला पर्स. उठताना तिने माझ्याकडे पाहिलं. त्या तलावाला माशांपासून वाचवणारं उरलेलं एकच जाळं गावाने जप्त केलं, आणि तिच्याखेरीज हे समजणारं गावात एकच माणूस होतं, आणि ते माणूस घड्याळात बघून बससाठी निघून गेलं.

त्यानंतर मावशी माझ्याशी बोलायची बंद होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. चैत्रात एका रविवारी मी बाटल्या भरत होते तेव्हा ती बकऱ्या घेऊन आली. चार बकऱ्या, त्यातली एक गाभण. भिलाटीतला हातपंप उन्हाळ्यात नुसती हवा ओढतो. टँकर येतो त्याच्यावर माणसांचंच भागत नाही. बकऱ्यांना तलावाशिवाय दुसरं पाणी नाही, आणि मावशीच्या घरात त्या बकऱ्यांशिवाय दुसरं काही नाही. ती काठाशी थांबली. पाण्यावर मळकट हिरवी साय आली होती. बकऱ्या माना लांब करत होत्या आणि ती त्यांना दोरीने मागे ओढत होती.

“बाई, तू तं पानी तपासस,” ती म्हणाली. “खरं सांग. बकरीसले हाई पानी पिवाडू का?”

असा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गावाने नाही, मार्गदर्शकांनी नाही, माझ्या नवऱ्याने नाही. आणि उत्तर मला ठाऊक होतं. अशा पाण्यात जे निळसर-हिरवं शेवाळ माजतं त्यातल्या काही जाती विषारी असतात, त्या सायीने जनावरं दगावतात. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते, मुलं परीक्षेत लिहितात. मी म्हणाले, “पिवाड, पन काठवरनं नको. जरा आतलं पिवाड.”

अर्धवट उत्तर. धड हो नाही, धड नाही नाही. ‘नको पाजू’ म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग काय पाजू? आणि त्यापुढे विचारलं असतं, मग गावाला का सांगत नाहीस? मावशीने मान हलवली. साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन ती पाण्यात शिरली आणि बकऱ्यांना हाक मारत आत घेऊन गेली.

आमच्याकडे वैशाखात पश्चिमेचा वारा सुटतो. त्या वाऱ्याने तलावावरची सगळी साय लोटत लोटत पूर्वेच्या काठाला नेली. देवळाच्या घाटावर पाणी त्यातल्या त्यात बरं दिसायचं, गाड्या येत होत्या, मुरमुरे पडत होते. भिलाटीच्या बाजूला मात्र दहा-बारा हात रुंद जाड हिरवा पट्टा तयार झाला, आणि पावलं घालायला पुढे पाणीच दिसेना. आतलं पाणी पाजायचं म्हणजे त्या पट्ट्यातून जायचं. दुपारच्या उन्हात तहानलेली बकरी कसली आत जाते? जिथे तोंड लागलं तिथे ती प्यायली.

माझ्याकडे निरोप आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. तीन बकऱ्या मेल्या होत्या, चौथी पाय झाडत होती. गाभण गेली ती पहिलीच. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, ते ताबडतोब आले. त्यांनी मेलेल्या बकरीचं तोंड उघडलं, ओठांना सुकलेला हिरवा थर बोटाने खरवडला, आणि विचारलं, “पाणी कुठलं पितात?” मावशीने हाताने तलाव दाखवला. डॉक्टर एकदा पाण्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. आमची जुनी ओळख आहे, मी काय शिकवते ते त्यांना माहीत आहे. दुपारपर्यंत चौथी गेली.

गावात बोललं काय गेलं? देवाचा मासा मारला होता ना तिने, फळ मिळालं. हे मला आमच्याच स्वयंपाकघरात ऐकायला आलं. माझ्या हातात पोळपाट होतं, ते मी आपटलं की ते हातातून पडलं ते मला सांगता येणार नाही, पण त्याचे दोन तुकडे झाले. सासूबाई म्हणाल्या, “उनामा जाईसन उनी, डोकं तापेल शे.” ऊन! तीन वर्षं माझ्या बाटल्यांमध्ये सगळं लिहिलेलं होतं आणि यांना शाप दिसत होता. आणि मी, जिला दिसत होतं, ती पोळ्या लाटत होते.

पुढच्या ग्रामसभेला मी कॉलेजातून सूक्ष्मदर्शक घेऊन आले. तीन वर्षांच्या बाटल्या ओळीने टेबलावर मांडल्या, पहिली पारदर्शक, शेवटची हिरवी. लोक रांगेने येऊन डोळा लावत होते. एक म्हातारे आबा त्याच सकाळी भरलेल्या पाण्याच्या थेंबात कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “यामा तं काहीच हालत नही.”

“आबा, तेच सांगतेय मी,” मी म्हटलं. “हालणारं सगळं माशांनी खाल्लं. म्हणून पाणी असं झालं, आणि म्हणून बकऱ्या मेल्या. मासे काढायला हवेत. भिलाटीतल्या लोकांना जाळी टाकू द्या, निम्मे तरी मासे काढू द्या. आणि कणीक बंद करा.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मॅडमले मासा खावाना शेत, असं वाटस.” हशा पिकला. आप्पा हसले नाहीत. ते अगदी शांतपणे म्हणाले, “सूनबाई, मासा सोडा म्हनीसन आठेच उभी ऱ्हाइसन तूच सांगं व्हतं ना? मासा पानी साफ करतस म्हनीसन?”

“हो आप्पा, मीच सांगितलं होतं. मी चुकले होते. अर्धवट सांगितलं होतं.”

“मंग चुकनी नही तू,” आप्पा म्हणाले. माझी बाजू सावरून घेतल्याच्या समाधानात ते बोलत होते. “मासा कमी पडी ऱ्हायनात, म्हनीसन पानी खराब व्हयनं. आखो सोडूत.”

मी ओरडले. सासरच्या गावात, भर सभेत, आप्पांसमोर, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. काय ओरडले ते मला आठवत नाही, नवरा म्हणतो ते न आठवलेलंच बरं. सासूबाईंनी दंडाला धरून बाहेर नेलं. माझ्यामागे ठराव पास झाला, एकमताने. तलावाचं पाणी शुद्ध व्हावं म्हणून आणखी मासे सोडण्याचा. दुसऱ्या दिवशी मी तो वाचला. त्यात लिहिलं होतं, गावातील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकांनी पूर्वी दिलेल्या सल्ल्यानुसार. मी ग्रामसेवकाला म्हटलं, माझा उल्लेख खोडा. तो म्हणाला, मॅडम, मंजूर झालेल्या ठरावात खाडाखोड चालत नाही. चालत नाही! त्या दिवशी बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने मला विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाही का, इतक्या जोरात मी खिडकीची दांडी धरली होती.

त्याच आठवड्यात मी भिलाटीत गेले. आप्पांवर चिडून, ठरावावर चिडून, घाटावरच्या गाड्यांवर चिडून मी तरातरा चालत गेले, आणि वाटेत मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. आपण दोघी मिळून अर्ज करू. मी लिहीन, तू अंगठा दे. मावशी दारात बसून तांदूळ निवडत होती. अंगणात बकऱ्या बांधायचे खुंटे होते, कुणी अजून उपटले नव्हते. मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. मासे कसे नाचण्या खातात, पाणी कसं बिघडलं, गाव कसं ऐकत नाही, आप्पा काय म्हणाले. ती निवडत राहिली. हे सगळं तिनेच मला पहिल्या महिन्यात सांगितलेलं होतं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी थांबले.

“हाई तुले कधयपासून माहीत व्हतं?” तिने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. “दोन वरीसपासून,” मी म्हणाले.

तिने सूप बाजूला ठेवलं. “मी तुले इचारं व्हतं, बाई. चैतमा. बकरीसले पिवाडू का म्हनीसन.”

“हां.”

“मन्हाशिवाय कोनी इचारं व्हतं का तुले?”

“नही.”

मला वाटलं ती रडेल किंवा शिव्या देईल, आणि शिव्या दिल्या असत्या तर मी बसून ऐकल्या असत्या, त्यासाठीच मी आले होते की काय असं मला तेव्हा वाटून गेलं. इतके दिवस मी गावभर राग वाटत फिरत होते, आणि ज्या एकाच माणसाला माझ्यावर रागवायचा हक्क होता त्याच्यासमोर उभी राहून मी आप्पांच्या तक्रारी सांगत होते. मावशी रागावली नाही. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, आत गेली, आणि दारी आलेल्याला देतात तसं पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्यासमोर धरला. माझा हात पुढे झाला नाही.

“पी,” ती म्हणाली. “तलावनं नही शे.”